"रायफल नको, आधी वही आणा": क्रॉफर्ड मार्केटजवळच्या एका दुरुस्तीवाल्या काकांबद्दल

पाचपैकी चार तारे. एक का कापला ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कौतुक वाचून कुणाला वाटायचं की दुकानदार माझा मामा लागतो.

दुकानात बसायला एकच स्टूल आहे आणि त्यावर मांजर बसलेलं असतं. फोन वाजतो, उचलत कोणी नाही. दीड ते साडेतीन शटर अर्धं खाली, त्या वेळात गेलात तर आतून "नंतर या" एवढंच ऐकू येतं. कार्ड, यूपीआय काही चालत नाही. आणि "पंधरा दिवसांत देतो" म्हणालेल्या कामाला एक महिना चार दिवस लागले. या सगळ्याचा मिळून एक तारा गेला. बाकीचे चार मी खुशीनं देतो, आणि ते कशासाठी ते जरा सविस्तर लिहितो, कारण सेमी-ऑटो, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणारी रायफल अडकते म्हणून हैराण झालेले माझ्यासारखे आणखीही असतील.

दुकानाचं नाव लिहीत नाही. काकांनीच बजावलंय. "ज्याच्याकडे परवाना आहे त्याला मी सापडतो. ज्याच्याकडे नाही त्यानं मला शोधायचं कारण काय?" पोलीस आयुक्तालयापासून चालत दहा मिनिटं, एवढं सांगतो.

रायफल मूळची बाबांची. पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंच बोअरची, साठच्या दशकातली, युरोपियन बनावटीची, पाच काडतुसांचं मॅगझीन. राजापूरकडे आमची बाग आहे, तिथे माकडं आणि डुकरं यांना धाक म्हणून त्यांनी परवाना काढला होता. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी रीतसर ती माझ्या नावावर केली आणि रायफल मुंबईला आली. आता महिन्यातून दोन सकाळी वरळीच्या रेंजवर कागदाला भोकं पाडते, बस. स्पर्धेत तिचा उपयोग नाही. ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारांत एकेक काडतूस हातानं भरावं लागतं. स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य आणलं ते तसंच, एकेक भरून. सेमी-ऑटो लागतं ते २५ मीटर पिस्तूलवाल्यांना, राही सरनोबतच्या प्रकारात. मी आपला हौशी.

आमच्यात म्हणतात, रायफल "सायकल होत नाही". घरी एकदा वैतागून हे बोललो, तर बायको म्हणाली, मग हवा भर.

तर सायकल म्हणजे काय, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माझ्या रायफलीत बोल्टला, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या लोखंडी तुकड्याला, कडी-कुलूप नाही. तो नळीच्या तोंडाशी नुसता टेकून असतो, स्वतःच्या वजनानं आणि मागच्या स्प्रिंगच्या जोरानं. गोळी उडाली की ज्या दाबानं ती पुढे जाते त्याच दाबानं काडतुसाची रिकामी पुंगळी मागे रेटली जाते आणि बोल्टला ढकलते. बोल्टची नखी, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, पुंगळीची कड धरून तिला ओढून आणते, इजेक्टरवर आपटून ती बाहेर उडते, मग दाबलेली स्प्रिंग बोल्टला परत पुढे फेकते आणि जाता जाता तो मॅगझीनमधलं वरचं काडतूस उचलून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकातल्या काडतुसाच्या जागेत, सारतो. चाप एकदा दाबला की एकच गोळी, पण पुढची तयार. हे सगळं चालतं ते अडीच ग्रॅमच्या शिशाच्या गोळीच्या धक्क्यावर. मोठ्या बोअरच्या बंदुकीत ताकद भरपूर असते, थोडी घाण, थोडा घट्टपणा ती ओढून नेते. पॉइंट टू-टूमध्ये ती उधळपट्टी परवडत नाही. त्यात या काडतुसाच्या गोळीला मेण किंवा वंगण फासलेलं असतं आणि दारूची काजळी बरीच. दोन्ही मिळून आत जे साचतं त्याला मी चिखल म्हणतो, काका "शिरा" म्हणतात.

२०२४ मध्ये दोन निवडणुका झाल्या. आचारसंहिता लागली की आमच्यासारख्या बऱ्याच जणांना शस्त्र जमा करावं लागतं, हे परवानेवाल्यांना सांगायला नको. लोकसभेला जमा केली, परत आणली. ऑक्टोबरमध्ये विधानसभेला पुन्हा जमा करायची होती. मुंबईची हवा दमट, दीड-दोन महिने ती कपाटात पडणार, म्हणून बाबांना फोन केला. बाबा म्हणाले, "खोबरेल लाव सढळ हातानं. मी तीस वर्षं तेच लावतो, कधी गंज नाही धरला." लावलं. नळीला, बोल्टला, बोल्टच्या आत, जिथे म्हणून जाईल तिथे. हे वाक्य लक्षात ठेवा.

डिसेंबरमध्ये रायफल परत आली आणि पहिल्याच सकाळी रुसली. चाप दाबला की 'टक्'. गोळी नाही. रेंजवरचा नियम आहे तसं नळी टार्गेटकडेच धरून निदान तीस सेकंद थांबायचं, कारण कधीकधी काडतूस उशिरा पेटतं. थांबलो, काढलं, दुसरं. पुन्हा टक्. दहा वाजेपर्यंत मात्र गाडी रुळावर. मला वाटलं काडतुसंच जुनी असतील.

इथे माझ्या हातून चूक झाली. मी घाईनं दुसऱ्या एका ठिकाणी गेलो. त्याचं नाव, गाव, रस्ता काहीच लिहीत नाही. त्यांनी दोन मिनिटं रायफल हलवून पाहिली आणि निदान केलं: "स्प्रिंग थकली." नवी, जास्त कडक स्प्रिंग टाकली, वरून पॉलिश, ६,२०० रुपये. जुनी स्प्रिंग मी मागून घेतली. त्यामागे काही शहाणपण नव्हतं, आमच्या घरात काहीच टाकत नाहीत एवढंच. जानेवारीत रेंजवर गेलो तर टक् होतंच, आणि त्यात नवी व्याधी. पुंगळी बाहेर न पडता बोल्टच्या आणि नळीच्या मध्ये चिमटीत सापडून उभी. याला स्टोव्हपाइप म्हणतात, कारण ती खरंच चुलीच्या धुराड्यासारखी दिसते. ६,२०० देऊन आजार एकाचे दोन करून आणले.

रेंजवरच्या एका ज्येष्ठ नेमबाजांनी काकांचा पत्ता दिला. रायफल रिकामी करून, बॅगेत घालून, परवाना खिशात, दादरहून टॅक्सीनं गेलो. काका सत्तरीच्या आसपासचे, लेंगा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, डोळ्याला घड्याळजी लावतात तसलं भिंग कपाळावर सरकवलेलं. मी बॅग काउंटरवर ठेवली. त्यांनी हातही लावला नाही.

"किती वेळा अडकते?"

"बरेचदा."

"बरेचदा म्हणजे दहात एकदा की दहात पाचदा?"

मी गप्प.

"कुठलं काडतूस अडकतं? पहिलं, शेवटचं?"

पुन्हा गप्प.

"साहेब, रायफल घेऊन जा. वही आणा. पन्नास काडतुसं एकाच डब्यातली झाडा. प्रत्येकाला नंबर. काय झालं, किती वाजता झालं, ते समोर लिहा. अडकलेली पुंगळी वेगळ्या पिशवीत. न उडालेलं काडतूस रेंजवरच जमा करा, इकडे आणू नका, त्याच्या कडेचा फोटो आणा."

सेवा देणाऱ्याकडे गेलो आणि गृहपाठ घेऊन परत आलो. टॅक्सीत मनातल्या मनात एकच तारा दिला होता, खोटं कशाला बोलू. शिवाय माझ्या परवान्यावर वर्षाची काडतुसं ठरलेली, त्यातली पन्नास ही तपासणीत घालवायची म्हणजे जिवावर आलं होतं.

पण वही लिहिली. चौरेघी, मुलीच्या शाळेची उरलेली. पन्नासपैकी अकरा वेळा अडकली. सहा वेळा टक्, पाच वेळा धुराडं. पुढच्या आठवड्यात वही दिली तेव्हा काकांनी ती पेन्सिल घेऊन, बोट फिरवत, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर वाचली. मग टक्-वाल्या सहा ओळींसमोर छोट्या फुल्या मारल्या. सहाच्या सहा पहिल्या वीस काडतुसांत होत्या, सगळ्या पावणेनऊच्या आत. धुराडी पाच, ती मात्र सातव्यापासून अठ्ठेचाळिसाव्यापर्यंत विखुरलेली.

"दोन आजार आहेत. एक घड्याळ बघून येतो, एक कधीही येतो. म्हणजे एका औषधानं दोन्ही जायचे नाहीत."

मग पुंगळ्या. काउंटरवर जुना पेपर पसरला, त्यावर पाच पुंगळ्या तोंडं एका दिशेला करून रांगेत मांडल्या आणि भिंग डोळ्यावर ओढलं. मलाही दाखवलं. या जातीच्या काडतुसात पेटणारा मसाला मध्यभागी नसतो, मागच्या कडेच्या पोकळीत भरलेला असतो, म्हणून फायरिंग पिनचा, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या सुईचा, वार कडेवर उमटतो. या पाचांवर वार खोल, स्वच्छ. शेजारी नखीनं धरल्याची बारीक ओरखड ठळक. "नखी चांगली आहे, वार चांगला आहे. म्हणजे ही उडाली नीट, बोल्ट मागे पुरता गेला नाही. अर्ध्यातून परत फिरला." मग माझ्या मोबाइलवरचे न उडालेल्या काडतुसांचे फोटो, बोटांनी मोठे करकरून. त्यांच्या कडेवर नुसता नखाएवढा पोचट दाब. "हे वेगळं बघा. पिन पोहोचलीय, पण दमून पोहोचलीय."

आता कुठे रायफल उघडली. आधी स्वतः चेंबर रिकामं असल्याची खात्री, बोट घालून. मग बोल्ट बाहेर. फायरिंग पिन जिथे सरकते त्या खाचेतून त्यांनी दात कोरायच्या काडीनं थोडा 'शिरा' काढला, नाकाशी नेला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला शाळेतले हेडमास्तर आठवले.

"कुठलं तेल लावता?"

"खोबरेल."

भाच्याला हाक मारली. "एसी अठरावर कर." चहाच्या चमच्यात तो गोळा ठेवला, एसीच्या झोताखाली, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. पंधरा-वीस मिनिटांनी चमचा माझ्यापुढे धरला. काळपट पिवळं जे होतं ते पांढरट, मेणासारखं घट्ट झालं होतं. काडी टोचली तर उभी राहिली.

"ही तुमची जानेवारीतली सकाळ."

हसू आलं, लाजही वाटली. मुंबईत जन्म गेला, दर थंडीत मोरीतली खोबरेलाची बाटली गरम पाण्याच्या तांब्यात बुडवून ठेवतो, आणि तेच तेल बोल्टच्या पोटात घालून वर विचारतो की सकाळी का अडकते. खोबरेल चोविसाच्या खाली गोठायला लागतं. राजापूरला बाबांची बाग समुद्राजवळ, शिवाय ते रायफल वर्षातून दोनदा बाहेर काढणार, तीही भर दुपारी, डुकराला नाही तर माकडाला नुसता आवाज ऐकवायला. त्यांना कधी कळलंच नाही.

काकांनी बोल्टचा एकेक भाग सुटा करून केरोसिनमध्ये बुडवला, ब्रशनं घासला, कापडानं कोरडा केला. तेल लावलं ते बोल्ट ज्या दोन रेषांवर घासतो तेवढ्यावर, सुईच्या टोकानं, एकेक थेंब. फायरिंग पिनच्या खाचेत अजिबात नाही. "इथे तेल म्हणजे धुळीला आमंत्रण." चेंबर पितळी ब्रशनं. ते करताना चेंबरच्या काठावर त्यांना एक बारीक खड्डा दिसला आणि पुन्हा हेडमास्तर. रिकाम्या रायफलीचा चाप कोण दाबत बसतं? मीच, टीव्हीसमोर, सराव म्हणून. कडेवर मारणारी पिन असलेल्या रायफलीत काडतूस नसलं की पिन सरळ चेंबरच्या काठावर आपटते, आणि तिथे उठलेली कड पुढच्या काडतुसाला आत जाताना अडवते. सरावाला डमी काडतूस वापरायचं, हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं. त्यांनी ती उठलेली कड बसवली, कशानं ते नीट दिसलं नाही, पाठ माझ्याकडे होती.

आता स्प्रिंग. मी मध्येच बोलून गेलो, "नवीनच घातलीय काका, कडक." ते थांबले. "जुनी टाकली?" "घरी आहे." "मग उद्या आणा. आणि आज काही बदलायचं नाही. आज फक्त सफाई. रेंजवर जा, वही लिहा." मला कळेना, स्प्रिंग समोर दिसतेय तर लगेच का नाही बदलत. म्हणाले, दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं बरं झालं ते तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही. पुढच्या वेळी बिघडलं की परत अंदाजपंचे.

महिना लागला तो असा. दर खेपेला एक गोष्ट, मग रेंज, मग वही. फेब्रुवारीतल्या पहिल्या थंड सकाळी सफाई झालेली रायफल घेऊन गेलो: टक् शून्य. धुराडी तीसपैकी तीन, होती तशीच. मग जुनी स्प्रिंग बसवली. त्यामागचं गणित त्यांनी काउंटरवर बोटानं रेघा मारून सांगितलं. मी वापरतो ती स्टँडर्ड व्हेलॉसिटीची काडतुसं, सेकंदाला साधारण सव्वातीनशे मीटर, आवाजाच्या वेगाच्या आत, कागदावर नेमासाठी चांगली. हाय व्हेलॉसिटीची पावणेचारशेच्या पुढे जातात, त्यांचा धक्का जास्त. ती कडक स्प्रिंग जास्त धक्क्याच्या काडतुसाला कदाचित चालली असती. माझ्या काडतुसाचा धक्का तिला पुरता दाबू शकत नव्हता, म्हणून बोल्ट अर्ध्या वाटेतून माघारी फिरत होता आणि बाहेर निघालेल्या पुंगळीला दारातच चेंगरत होता. "थकली" म्हणून काढलेली स्प्रिंग त्यांनी टेबलावर उभी करून बघितली, दाबून बघितली, आणि म्हणाले, तुमच्या-माझ्यापेक्षा बरी आहे.

जुन्या स्प्रिंगवर पहिल्या पन्नासात धुराडं एकही नाही. एकदा मात्र काडतूस नाक वर करून चेंबरच्या काठाला थडकलं. वही बघून काका म्हणाले मॅगझीनचा एक ओठ, म्हणजे काडतूस धरून ठेवणारी वरची वळलेली कड, जरा उघडलाय, कधी पडलं होतं का. पडलं होतं. वरळीला, फरशीवर. पण एका घटनेवरून ओठ वाकवायला त्यांनी नकार दिला. "तीनदा होऊ दे. मॅगझीन दुसरं मिळायचं नाही, ओठ मोडला तर रायफल भिंतीवर." मला हे आवडलं. दुसऱ्यानं पक्कड घेतली असती.

मॅगझीन भरताना एक मात्र शिकवलं, फुकट. या काडतुसाला मागे कड असते. वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे अडकली तर बोल्ट कितीही जोर लावो, ते पुढे सरकत नाही. म्हणून प्रत्येक काडतूस भरताना त्याची कड आधीच्याच्या पुढे बसतेय का बघायचं. मी आजवर नुसतं कोंबत होतो.

आणखी एक, हे त्यांनी दोनदा सांगितलं म्हणून मीही लिहितो: गोळीचा आवाज नेहमीपेक्षा दबका आला आणि धक्का जाणवला नाही, तर पुढचा चाप दाबायचा नाही. हात वर करा, रेंज ऑफिसरला बोलवा, रायफल रिकामी करा, नळी तपासा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. अडकणं सोडवायच्या नादात लोक घाईघाईनं बोल्ट खेचून दुसरी मारतात.

पैसे: सगळ्या खेपा धरून २,८००. बिल हातानं लिहिलेलं, रायफलचा नंबर, परवान्याचा नंबर, तारीख, आणि कामाच्या रकान्यात फक्त "सफाई". स्प्रिंग बदलल्याचे पैसे लावले नाहीत, का विचारलं तर म्हणाले तुमचीच होती. रायफल ठेवून घेतली त्या प्रत्येक वेळी रजिस्टरमध्ये नोंद आणि मला पावती; याबाबतीत माणूस काटेकोर आहे. परवान्याची मूळ प्रत न्या, झेरॉक्स बघून ते तोंड फिरवतात.

अजून पुढची थंडी यायची आहे, तेव्हा खरं काय ते कळेल. तोवर मार्चपासून १४० काडतुसं झाली, वहीत अडकल्याची नोंद दोन, दोन्ही मॅगझीनच्या ओठाची. तिसऱ्याची वाट बघतोय.

बाबांना फोनवर सगळं सांगितलं. बराच वेळ शांत होते. मग म्हणाले, "त्या माणसाला विचार, एरंडेल चालेल का."

विचारलं नाही. बुधवारी दुकान बंद असतं.